पडदा बदलला, हा निरोप प्रोग्रामला कोण देणार?

सुरुवातीची दहा मिनिटं वाया गेली, त्याबद्दल क्षमा मागतो. पण खरं सांगू का, आजच्या विषयाची याहून चांगली प्रस्तावना मला करता आली नसती. काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. काल घरी लॅपटॉपच्या डाव्या बाजूला दुसरा मॉनिटर लावून मी याच स्लाइड्स चाळत होतो. प्रोग्रामने ती जागा लक्षात ठेवली. आज इथे डावीकडे काहीच नाही, तरी विंडो तिथेच जाऊन उघडली. टास्कबारवर तिचं चिन्ह आहे, क्लिक केलं की ती उघडी असल्याचं संगणक सांगतो, आणि दिसत मात्र काही नाही. (हशा)

हसायला हरकत नाही. पण एक प्रसंग सांगतो, त्यात मला हसू येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या कचेरीसाठी मी हिशेबाचा एक प्रोग्राम लिहून दिला होता, जावामध्ये. तिथे हिशेब पाहणाऱ्या बाईंच्या टेबलावर दोन मॉनिटर होते, १२८० बाय १०२४ चे, शेजारी शेजारी. माझा प्रोग्राम त्या उजव्या मॉनिटरवर ठेवायच्या. एक दिवस तो मॉनिटर बिघडला आणि दुरुस्तीला गेला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडेना. म्हणजे उघडत होता, पण डावीकडून १४०० व्या पिक्सेलवर, आणि उरलेला पडदा संपत होता १२७९ वर. बाईंना वाटलं, मॉनिटरबरोबर डेटाही गेला. मला फोन करायचा त्यांना संकोच वाटला. दोन दिवस बसून त्यांनी महिन्याभराची व्हाउचरं कागदावरून पुन्हा भरली. मला कळलं तेव्हा मी जाऊन तीन-चार कळा दाबल्या आणि विंडो परत आणली. ‘अहो, आधी सांगायचं ना,’ असं मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मलाच लाज वाटली. कारण सांगायचं काम त्यांचं नव्हतंच.

मग कुणाचं होतं? पडदा बदलला, लहान झाला, फिरला, एकाचे दोन झाले किंवा दोनाचा एक झाला, हे प्रोग्रामला कुणी सांगायचं? आणि सांगितल्यावर प्रोग्रामने काय करायचं? या दोन प्रश्नांना सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: चूक बहुतेक वेळा एकच असते. कुणीतरी उत्तर एकदा विचारतं, पाठ करतं, आणि पुन्हा विचारत नाही.

सुरुवात ग्राफिक्सच्या आधीपासून करू. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी-१०० हे टर्मिनल आलं. त्याचा नेहमीचा पडदा ८० स्तंभ आणि २४ ओळींचा. काचेची नळी, तिचा आकार कसला बदलतोय? त्यामुळे २४ हा आकडा एखाद्या तक्त्यात लिहून ठेवणं ही चूक नव्हती, ती वस्तुस्थितीच होती. पुढे टर्मिनल हेच एका विंडोच्या आत राहायला आलं. आता माउसने कोपरा ओढला की २४ च्या ४० ओळी होतात, आणि आत चाललेल्या एडिटरला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला २४ ओळींतच लिहीत बसतो.

१९८६ च्या ४.३ बीएसडी युनिक्समध्ये यासाठी एक सिग्नल आला: सिग-विंच. नावात ‘विंडो चेंज’ याचा संक्षेप आहे. या सिग्नलमधली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्यात नवा आकार दिलेलाच नसतो. सिग्नल फक्त म्हणतो, ‘बदल झाला.’ किती ओळी, किती स्तंभ, हे प्रोग्रामने टर्मिनलला नव्याने विचारायचं. आणि ज्या प्रोग्रामला पर्वा नाही त्याने सिग्नलकडे दुर्लक्ष केलं तरी काही मोडत नाही. रेल्वे स्थानकात घोषणा होते ना, ‘प्रवाशांनी कृपया फलक पाहावा’, तसं. घोषणा अर्धवट ऐकू आली तरी चालतं, फलकावर ताजी माहिती असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ग्राफिक्सकडे येऊ. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश: पडदा ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा, यंत्राच्या खोक्यातच बसवलेला. काही प्रोग्रामरांनी हे दोन आकडे सरळ कोडमध्ये लिहून टाकले. वास्तविक पडद्याचं माप विचारायची सोय प्रणालीत होती, पण उत्तर नेहमी तेच येणार असेल तर विचारतो कोण? तीनच वर्षांनी, १९८७ साली मॅकिंटॉश टू आला. त्यात कार्डांसाठी सहा खाचा होत्या, एकाहून जास्त व्हिडिओ कार्डं लावता येत, आणि सगळे मॉनिटर मिळून एकच सलग डेस्कटॉप होई. ज्यांनी ५१२ आणि ३४२ पाठ केले होते, त्यांचे प्रोग्राम मोठ्या पडद्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसले.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९८७ मध्ये, एक्स विंडो सिस्टिमची अकरावी आवृत्ती आली. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेलं हे काम, बॉब शेफलर आणि जिम गेटिस यांचं. युनिक्स आणि पुढे लिनक्सच्या जगात पडदा म्हणजे एक्स, असं कित्येक वर्षं समीकरण होतं. एक्समध्ये प्रोग्राम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असू शकतो, मध्ये नेटवर्क. जोडणी होताना सर्व्हर प्रोग्रामला एक लांबलचक उत्तर पाठवतो. त्यात प्रत्येक पडद्याची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये असते, आणि मिलिमीटरमध्येसुद्धा. प्रोग्रामच्या बाजूची एक्सलिब ही लायब्ररी ते सगळं स्वतःच्या मेमरीत ठेवते. पुढे प्रोग्रामने ‘पडद्याची रुंदी किती?’ विचारलं की एक्सलिब सर्व्हरकडे जातच नाही. मेमरीतला आकडा काढून देते.

ही रचना करणारी माणसं काही वेडी नव्हती, हे इथे सांगायला हवं. नेटवर्कवरून एक फेरी म्हणजे वेळ. न बदलणाऱ्या गोष्टीसाठी दर वेळी फेरी कशाला मारायची? गृहीतक एवढंच होतं, की जोडणी चालू असेपर्यंत पडदा बदलणार नाही. आणि १९८७ मध्ये टेबलावर बसवलेल्या जड वर्कस्टेशनसाठी ते खरंच होतं.

नव्वदीच्या दशकात पीसीवर लिनक्स आलं, तेव्हा या गृहीतकातून एक गंमत झाली. एक्सफ्री-८६ मध्ये कंट्रोल, अल्ट आणि नंबर पॅडवरची अधिक किंवा उणे ही कळ दाबली की मॉनिटरचं रेझोल्यूशन बदलायचं. ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल. पण एक्सच्या हिशेबी पडद्याचा आकार तोच राहायचा! मॉनिटर त्या मोठ्या पडद्याचा एक तुकडा दाखवायचा, आणि माउस कडेला नेला की तो तुकडा सरकायचा. प्रोग्रामना खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून खोटं तसंच सांभाळलं गेलं.

विंडोजमध्ये काय चाललं होतं? विंडोज ३.१ मध्ये रेझोल्यूशन बदलायचं तर विंडोज बंद करून पुन्हा सुरू करावं लागे. निरोपाचा प्रश्नच मिटला, कारण ऐकायला कुणी शिल्लकच नसे. (हशा) विंडोज ९५ मध्ये चालू कामात रेझोल्यूशन बदलता येऊ लागलं, आणि त्यासाठी एक नवा संदेश आला: डब्ल्यूएम-डिस्प्लेचेंज. सगळ्या वरच्या पातळीच्या विंडोंना तो जातो. पण सिग-विंचपेक्षा हा संदेश बोलका आहे. एका भागात रंगांची खोली, म्हणजे एका पिक्सेलला किती बिट. दुसऱ्या भागाच्या अर्ध्या हिश्शात रुंदी आणि अर्ध्यात उंची. निरोपातच उत्तर.

सोयीचं वाटतं ना? पण तीन वर्षांत विंडोज ९८ आलं आणि एका पीसीला एकाहून जास्त मॉनिटर जोडता येऊ लागले. आता त्या निरोपात जागा एकाच पडद्याच्या मापाला. दुसरा मॉनिटर कुठे आहे, डावीकडे की उजवीकडे, किती मोठा, हे त्यात मावणार कुठे? म्हणजे निरोप मिळाल्यावर मॉनिटरांची यादी नव्याने मागवायचीच होती. ज्यांनी निरोपातले आकडे अंतिम धरले, ते फसले. आणखी एक गाठ: टास्कबार हलवला तर पडदा बदलत नाही, पण वापरता येणारी जागा बदलते, आणि त्याचा निरोप वेगळ्या संदेशातून येतो. म्हणजे ‘पडद्याचा आकार’ हा एक प्रश्न नाहीच, ते दोन प्रश्न आहेत.

एक्सचं गृहीतक मोडलं ते हातात मावणाऱ्या यंत्रामुळे. २००० च्या सुमारास कॉम्पॅकचं आयपॅक आलं, २४० बाय ३२० चा पडदा. जिम गेटिस तेव्हा कॉम्पॅकमध्ये होते, आणि त्या यंत्रावर लिनक्स आणि एक्स चालवायचं काम तिथे सुरू होतं. हातातलं यंत्र आडवं धरलं की २४० बाय ३२० चा पडदा ३२० बाय २४० होतो. सगळे प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करा, असं माणसाला सांगणार का? २००१ च्या युझनिक्स परिषदेत गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी रँडआर या विस्ताराचा निबंध मांडला. आकार बदला आणि फिरवा, असा त्या नावाचा अर्थ. फेब्रुवारी २००३ च्या एक्सफ्री-८६ ४.३ मध्ये तो सर्वांच्या हाती आला.

रँडआरने निरोपाची सोय केली. पण एक्सलिबच्या मेमरीतला तो जुना आकडा? तो तिथेच! म्हणून नियम असा झाला, की निरोप आला की प्रोग्रामने एक ठरावीक फंक्शन हाक मारून एक्सलिबला सांगायचं: बाई गं, तुझी नोंद आता दुरुस्त कर. निरोप ऐकला, पण ही हाक मारायची राहिली, तर ‘पडदा बदलला’ हे कळल्यानंतरही ‘किती झाला?’ याचं उत्तर जुनंच मिळतं. १९८७ साली वाचवलेल्या एका फेरीची किंमत इतक्या वर्षांनी अशी वसूल झाली.

२००७ च्या रँडआर १.२ ने आणखी पुढची गोष्ट केली: चालू कामात मॉनिटर जोडणं आणि काढणं. इथे वायरीबद्दल दोन शब्द बोलतो. निरोपाची साखळी सुरू होते ती वायरीपासून. जुन्या व्हीजीए वायरीला पंधरा पिना. पलीकडे मॉनिटर लावला की काढला, हे भरवशाने सांगणारी पिन त्यात नव्हती. १९९४ पासून मॉनिटर आपली माहिती वायरीतून देऊ लागले, पण ती संगणकाने विचारली तर. १९९९ च्या डीव्हीआयमध्ये त्यासाठी वेगळी पिन आली, हॉट-प्लग डिटेक्ट. एचडीएमआयमध्येही ती आहे, एकोणिसावी. पलीकडे मॉनिटर आहे की नाही, हे त्या पिनेवरच्या व्होल्टेजवरून कळतं. म्हणजे ‘विचारा’ पासून ‘सांगतो’ कडे जायचा हाच प्रवास तांब्याच्या तारेतही झाला.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ: एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालवायचा असेल तर? खाली तीन घरांत निरोपाच्या तीन पद्धती. मॅकमध्ये तर प्रणाली दोनदा हाक मारते, एकदा ‘आता बदल सुरू होतोय’ आणि एकदा ‘बदल झाला’. हे सगळं झाकून वर एक सारखी भाषा द्यायची, हे या टूलकिटांचं काम.

जावाचं उदाहरण घेऊ, कारण माझी चूक तिथली. १९९६ च्या पहिल्या जावात एक सोपं फंक्शन होतं: पडद्याचा आकार सांग. विचारलं की उत्तर. बदल झाल्यावर कळवणारा श्रोता मात्र नाही. १९९८ च्या जावा १.२ मध्ये अनेक पडद्यांची यादी मागायची सोय झाली, पण त्या यादीत बदल झाला हे कळवायची नाही. आत, सन कंपनीच्या खाजगी भागात, असा श्रोता होता! टूलकिटला स्वतःला लागत होता ना. पण तो आपल्यासारख्यांना उघडा केलेला नव्हता. आणि ते सोपं फंक्शन फक्त मुख्य पडद्याचं माप देतं. त्यावर विसंबून ‘१२८० च्या पलीकडची विंडो आत ओढा’ असं लिहिलं असतं, तर बाईंचा उजवा मॉनिटर शाबूत असतानाही माझा प्रोग्राम रोज डावीकडे उडी मारून आला असता. ‘उणे आकडा चुकीचा’ असं गृहीत धरलं असतं, तरी चूकच. मॉनिटर मुख्य पडद्याच्या डावीकडे असेल तर विंडोची जागा खरोखरच उणे असते. पुढे २०११ मध्ये जावाएफएक्स २.० आलं, त्यात पडद्यांची यादीच अशी आहे की तिच्यावर लक्ष ठेवता येतं.

क्यूटीचा प्रवास बोलका आहे. २००१ च्या क्यूटी ३ मध्ये डेस्कटॉपसाठी एक वर्ग आला, त्यात ‘अमुक क्रमांकाच्या पडद्याचा आकार बदलला’ असा सिग्नल होता. पडदे किती, हे बदलू शकतं याचा सिग्नल मात्र २००९ च्या ४.६ मध्ये आला. आणि क्रमांकांची अडचण तुमच्या लक्षात आली असेल: पडदा क्रमांक एक काढून टाकला, तर क्रमांक दोनचं काय? २०१२ च्या क्यूटी ५ मध्ये प्रत्येक पडदा ही स्वतंत्र वस्तू झाली. तिचं माप बदललं तर ती स्वतः सांगते, आणि नवा पडदा आला किंवा जुना गेला तर प्रोग्रामला कळतं. २०२० च्या क्यूटी ६ मध्ये जुना वर्ग काढूनच टाकला. जीटीकेची वाटही अशीच: २००२ च्या २.२ मध्ये एकूण पडद्याच्या आकाराचा सिग्नल, २००८ च्या २.१४ मध्ये मॉनिटरांसाठी वेगळा.

एवढं होईस्तोवर ‘आकार’ या शब्दाचाच अर्थ बदलला. जून २०१२ मध्ये ॲपलचा रेटिना मॅकबुक प्रो आला. पडदा २८८० बाय १८०० चा, पण प्रोग्रामना नेहमीच्या मांडणीत तो १४४० बाय ९०० दिसायचा. प्रत्येक बिंदूमागे चार पिक्सेल. २०१३ मध्ये विंडोज ८.१ ने प्रत्येक मॉनिटरला वेगळं प्रमाण दिलं, आणि त्याचा वेगळा संदेश आणला. आता पडदा तोच आहे, कुणी काही जोडलं-काढलं नाही, फक्त विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढली, तरी माप बदलतं. आज इलेक्ट्रॉनसारख्या चौकटीत पडदा बदलल्याचा निरोप येतो तेव्हा सोबत यादी असते: सीमा बदलली, वापरायची जागा बदलली, प्रमाण बदललं की पडदा फिरला.

शेवटचा टप्पा वेलँडचा. २००८ साली सुरू झालेला, २०१२ मध्ये १.० झालेला, एक्सची जागा घेणारा प्रोटोकॉल. त्यात पडद्याचं वर्णन जोडणीच्या वेळी एकदाच देऊन थांबत नाहीत. ते संदेशांमधूनच येतं, आणि बदललं की पुन्हा येतं. पुढे त्यात एक छोटा संदेश वाढवला: ‘झालं.’ म्हणजे काय, तर रुंदी, प्रमाण, जागा हे एकामागून एक येत असताना मध्येच मांडणी करू नका, ‘झालं’ म्हणेपर्यंत थांबा. आणि मुख्य म्हणजे, साधारण प्रोग्रामला आपली विंडो एकूण डेस्कटॉपवर कुठे आहे हे वेलँड सांगतच नाही. जागा ठरवणं हे पडदा सांभाळणाऱ्याचं काम. यावर वाद आहेत, कारण काही प्रोग्रामना जागा खरंच लक्षात ठेवायची असते. पण बाईंची विंडो ज्या चुकीने हरवली, ती चूक करायची संधीच प्रोग्रामला मिळत नाही.

तर माझ्या प्रोग्राममध्ये काय हवं होतं? जेमतेम दहा ओळी. जतन केलेली जागा वापरण्याआधी आत्ताच्या सगळ्या पडद्यांची यादी मागायची. विंडोची वरची पट्टी त्यांतल्या एका तरी पडद्यावर, हाताला लागेल इतकी, येते का ते पाहायचं. येत नसेल तर मुख्य पडद्यावर आणायची. आणि हीच तपासणी पडदा बदलल्याचा निरोप आला की पुन्हा करायची. जतन केलेला आकडा ही जुनी नोंद आहे, आजची वस्तुस्थिती नाही, एवढं मी तेव्हा मानलं नव्हतं.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे: टूलकिट निरोप देतच नसेल तर दर सेकंदाला विचारत राहावं का? चालतं. जुन्या जावात अनेकांनी तेच केलं. टायमर लावायचा, यादी मागवायची, आधीच्या यादीशी ताडून पाहायची. थोडी बॅटरी जाते, पण उत्तर ताजं असतं. आणि निरोप मिळत असेल तरी एक काळजी घ्या. एक वायर काढली की निरोप एक नाही, चार-पाच येतात. पहिल्यालाच धावू नका, क्षणभर थांबून मग यादी मागवा.

दुसरा प्रश्न: हरवलेली विंडो परत कशी आणलीत? विंडोजमध्ये टास्कबारवरून ती विंडो निवडा. मग अल्ट आणि स्पेस, मग एम, मग कुठलीही एक बाणाची कळ. आता माउस हलवा, विंडो त्याच्यामागे येते. जागेवर आली की क्लिक करा. हे कागदावर लिहून आपल्या कचेरीत मॉनिटरशेजारी चिकटवून ठेवा. त्या बाईंच्या टेबलावर मी तो कागद चिकटवला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्या दहा ओळीही लिहून दिल्या.